विश्लेषण : माणूस खरेच बदलतो का? जॉन कोल्ट्रेन यांच्या ३३ मिनिटांच्या अल्बममागची गोष्ट काय?

व्यसनापायी हातचे काम गेलेल्या एका सॅक्सोफोनवादकाने १९५७ मध्ये आईच्या घरी स्वतःला खोलीत कोंडून घेतले. सात वर्षांनी, ९ डिसेंबर १९६४ रोजी, त्याच वादकाने एका बैठकीत चार भागांचा अल्बम ध्वनिमुद्रित केला. जॉन कोल्ट्रेन यांचा ‘अ लव्ह सुप्रीम’ हा तो अल्बम. माणूस बिघडतो कसा, सावरतो कसा आणि सावरल्यावरही पुन्हा डळमळतो कसा, याचा हा स्वरांतला हिशेब. ही सात वर्षे नेमकी कशी गेली, याविषयी...

‘कन्सेप्ट अल्बम’ म्हणजे काय?

जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटेच मावत. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गायकांना अख्खा राग तेवढ्या वेळात बसवावा लागे, तो याच मर्यादेमुळे. १९४८ मध्ये अमेरिकेत लाँग प्लेइंग, म्हणजे एलपी, तबकडी बाजारात आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले.

त्यामुळे सुटी गाणी एकत्र बांधण्याऐवजी संपूर्ण तबकडी एकाच कल्पनेभोवती रचणे शक्य झाले. १९५५ मध्ये फ्रँक सिनात्रा यांनी एकटेपण आणि विरह या एकाच भावनेवर आख्खा अल्बम केला. अशा अल्बमला पुढे ‘कन्सेप्ट अल्बम’ म्हणू लागले. त्यात गाण्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. मधलाच भाग ऐकला तर गोष्ट हाती लागत नाही. ‘अ लव्ह सुप्रीम’ याच जातीचा आहे. मात्र त्यात गाणारा नाही आणि जवळपास शब्दही नाहीत. गोष्ट सांगतात ती चार वाद्ये.

जॉन कोल्ट्रेन कोण होते?

त्यांचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील हॅम्लेट या गावी झाला. बालपण त्याच राज्यातल्या हाय पॉइंट येथे गेले. वडील शिंपीकाम करत आणि हौसेने वाद्ये वाजवत. आईचे वडील धर्मोपदेशक होते. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा वर्णभेद कायद्यानेच लागू होता. कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या. चर्च ही त्यांची हक्काची जागा होती आणि तिथले संगीत जॉन यांच्या कानावर लहानपणापासून पडत होते.

ते १२ वर्षांचे असताना आजोबा, वडील आणि आजी काही महिन्यांच्या अंतराने गेले. आईला कामासाठी उत्तरेकडे जावे लागले. त्याच सुमारास या मुलाच्या हाती वाद्य आले. आधी क्लॅरिनेट, मग सॅक्सोफोन. १९४३ मध्ये शाळा संपवून ते फिलाडेल्फियाला गेले. १९४५-४६ मध्ये नौदलात असताना हवाईतल्या नौदलाच्या बँडमध्ये त्यांनी वाजवले. परतल्यावर माजी सैनिकांसाठीच्या शिक्षणयोजनेतून ते ग्रॅनॉफ स्टुडिओजमध्ये संगीतशास्त्र शिकले.

ते व्यसनात कसे सापडले?

जून १९४५ मध्ये कोल्ट्रेन यांनी चार्ली पार्कर यांना प्रथम प्रत्यक्ष ऐकले आणि ते भारावून गेले. पार्कर हे तेव्हाच्या तरुण वादकांचे दैवत होते, पण ते हेरॉइनच्याही आहारी गेलेले होते. त्या पिढीतल्या अनेकांनी त्यांचे वादन उचलले आणि त्यासोबत त्यांचे व्यसनही. रात्रभर क्लबमध्ये वाजवायचे, तुटपुंजी कमाई, सततचा प्रवास आणि जवळच मिळणारे हेरॉइन, असे ते जग होते.

१९४९ मध्ये डिझी गिलेस्पी यांच्या बँडमध्ये कोल्ट्रेन यांना जागा मिळाली. पुढच्या काही वर्षांत हेरॉइन आणि दारू या दोन्हींनी त्यांना धरले. १९५४ मध्ये जॉनी हॉजेस यांनी याच कारणावरून त्यांना बँडमधून काढले. १९५५ मध्ये माइल्स डेव्हिस यांनी त्यांना आपल्या पंचकात घेतले. हे पंचक त्या काळातला सर्वात गाजलेला जॅझ चमू ठरले. याच वर्षी त्यांचे लग्न नाइमा यांच्याशी झाले.

पण कोल्ट्रेन रंगमंचावर पेंगत, उशिरा पोहोचत, मळक्या कपड्यांत वाजवायला उभे राहत. डेव्हिस स्वतः काही वर्षांपूर्वी हेरॉइनमधून बाहेर पडले होते, त्यामुळे हे दुखणे त्यांना परके नव्हते. तरीही १९५७ च्या वसंतात त्यांनी कोल्ट्रेन यांना काढून टाकले. वय तिशी ओलांडलेले, स्वतःच्या नावावर एकही अल्बम नाही आणि सर्वात मोठी संधी हातची गेलेली, अशी त्यांची अवस्था होती.

१९५७ मध्ये नेमके काय घडले?

कोल्ट्रेन फिलाडेल्फियाला आईच्या घरी परतले. तेथे त्यांनी एका खोलीत स्वतःला कोंडून घेतले आणि हेरॉइन व दारू एकदम बंद केली. ते दिवस त्यांनी केवळ पाण्यावर काढले. आई आणि पत्नी नाइमा घरात होत्या. शरीराचे हाल सोसून ते त्यातून बाहेर आले. याच काळात आपल्याला देवाच्या कृपेचा अनुभव आला, असे त्यांनी पुढे अल्बमसोबत छापलेल्या पत्रात लिहून ठेवले. आपल्या संगीताने इतरांना आनंद देता यावा, एवढीच मागणी त्या वेळी केल्याचेही त्यात आहे.

इथे एक खबरदारी सांगायला हवी. असे एकाएकी सोडणे हा आज अनुकरण करावा असा मार्ग नाही. विशेषतः दारू अचानक बंद केल्यास जिवाला धोका होऊ शकतो, त्यामुळे वैद्यकीय देखरेख लागते. कोल्ट्रेन यांच्या काळात कृष्णवर्णीय वादकाला उपचाराऐवजी तुरुंगाचीच शक्यता अधिक होती.

मग बदल टिकला कशामुळे?

व्यसन सुटले तरी रोजचा दिवस भरून काढायला काहीतरी लागते. कोल्ट्रेन यांनी तो रियाजाने भरला. तासन् तास चालणारा त्यांचा सराव हा जॅझ जगतात दंतकथेचा विषय आहे. कार्यक्रमाच्या मध्यंतरातही ते बाजूला जाऊन वाजवत बसत.

दुसरा आधार मिळाला तो पियानोवादक थेलोनियस मंक यांचा. न्यूयॉर्कमध्ये मद्य देणाऱ्या क्लबमध्ये वाजवायचे तर पोलिसांकडून परवाना कार्ड घ्यावे लागे आणि अमली पदार्थांच्या प्रकरणात नाव आले की ते काढून घेतले जाई. १९५१ च्या अटकेनंतर मंक यांचे कार्ड गेले होते, ते १९५७ मध्ये परत मिळाले. त्या वर्षी जुलैपासून त्यांचा चमू ‘फाइव्ह स्पॉट’ या क्लबमध्ये बसला आणि त्यात सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन होते. मंक यांच्याकडे ते विद्यार्थ्यासारखे शिकले. दोघांना पुन्हा काम मिळाले ते एकाच वर्षी.

त्याच सप्टेंबरमध्ये ‘ब्लू ट्रेन’ ध्वनिमुद्रित झाला. १९५८ मध्ये डेव्हिस यांनी त्यांना परत बोलावले. १९५९ मधील ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममध्ये कोल्ट्रेन आहेत. त्याच वर्षी त्यांनी स्वतःचा ‘जायंट स्टेप्स’ मुद्रित केला. झपाट्याने बदलणाऱ्या स्वरसंगतींवर धावणारे हे वादन आजही शिकणाऱ्यांची परीक्षा घेते. १९६० मध्ये त्यांनी ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे नाटकातले साधे गाणे सोप्रानो सॅक्सोफोनवर १३ मिनिटांहून अधिक काळ फुलवले आणि ते लोकप्रियही झाले.

मग अल्बमला सात वर्षे का लागली?

कारण बदल सरळ रेषेत झाला नाही. अल्बमच्या पत्रात कोल्ट्रेन यांनी हे लपवलेले नाही. १९५७ च्या जागृतीनंतर आपण डळमळलो, दिलेल्या शब्दाविरुद्ध वागलो, मार्गावरून ढळलो, अशी कबुली त्यात आहे. नेमके काय घडले याचा तपशील त्यांनी दिलेला नाही. यशाच्या वर्षांमध्येच ही घसरण झाली, एवढे मात्र स्पष्ट होते.

खासगी आयुष्यातही उलथापालथ होती. पडत्या काळात साथ देणाऱ्या नाइमा यांच्यापासून ते १९६३ मध्ये वेगळे झाले. त्यांच्या नावाची रचना मात्र कोल्ट्रेन यांनी वाजवणे सोडले नाही. पुढे पियानोवादक अ‍ॅलिस मॅक्लाऊड त्यांच्या जोडीदार झाल्या.

बाहेरचे जगही धगधगत होते. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्बस्फोट घडवला. त्यात चार मुली मारल्या गेल्या. दोन महिन्यांनी कोल्ट्रेन यांनी ‘अलाबामा’ ही रचना मुद्रित केली. तीत घोषणा नाही, आक्रस्ताळेपणा नाही. शोकसभेत एखाद्याने सावकाश बोलावे तसा सॅक्सोफोन वाजतो. वाद्याकडून बोलण्याचे काम करून घेण्याची ही रीत पुढच्या वर्षी त्यांना उपयोगी पडली.

१९६४ च्या उन्हाळ्याअखेरीस लाँग आयलंडवरील डिक्स हिल्स येथील घरात ते काही दिवस वरच्या खोलीत एकटेच बसले. जेवणापुरते खाली येत. पहिला मुलगा नुकताच जन्मला होता. शेवटी ते खाली आले तेव्हा चेहऱ्यावर कमालीची शांतता होती आणि संपूर्ण रचना प्रथमच एकसंध मनात तयार होती, अशी आठवण अ‍ॅलिस यांनी पुढे सांगितली. सात वर्षांपूर्वीही ते खोलीतच बसले होते. तेव्हा काहीतरी सोडायचे होते, या वेळी काहीतरी द्यायचे होते.

अल्बममध्ये काय आहे?

९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन, पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन आणि ड्रमवर एल्विन जोन्स. चौघे काही वर्षे एकत्र वाजवत होते, त्यामुळे लिहून दिलेले संगीत मोजकेच होते. साधारण ३३ मिनिटांच्या या संगीताचे चार भाग आहेत आणि त्यांची नावेच बदलाच्या चार पायऱ्या आहेत.

पहिला भाग ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट’, म्हणजे कबुली. घंटेच्या टोल्याने सुरुवात होते आणि बासवर चार सुरांची एक छोटी स्वरावली सुरू होते. ती इतकी साधी आहे की संगीत न शिकलेल्यालाही गुणगुणता येईल. भागाच्या शेवटाकडे सॅक्सोफोन तीच स्वरावली एका पट्टीतून दुसरीत, असे करत बाराही पट्ट्यांत फिरवतो. त्यानंतर कोल्ट्रेन यांच्या आवाजात अल्बमचे नाव जपासारखे पुन्हा पुन्हा ऐकू येते. तेव्हा उलगडते की बासवरच्या चार सुरांत नावातली चार अक्षरेच बसवलेली होती.

दुसरा ‘रेझोल्यूशन’, म्हणजे निश्चय. सुरुवातीला बास एकटाच वाजतो आणि मग सॅक्सोफोन एकदम पूर्ण जोमाने येतो. तिसरा ‘पर्स्युअन्स’, म्हणजे पाठलाग किंवा ध्यास. तो जोन्स यांच्या एकल ड्रमवादनाने सुरू होतो आणि चारही भागांत हाच सर्वात वेगवान आहे. निश्चय करणे सोपे, त्यामागे धावत राहणे दमवणारे, हे ऐकतानाच जाणवते. धावपळ थांबते तेव्हा गॅरिसन यांचा बास बराच वेळ एकटा राहतो आणि त्यातूनच चौथा भाग उमलतो.

चौथ्या भागाचे रहस्य काय?

चौथ्या भागाचे नाव ‘साम’, म्हणजे स्तोत्र. त्यात ठरावीक ताल नाही. आपल्याकडच्या आलापासारखा सॅक्सोफोन सावकाश पुढे सरकतो. अल्बमच्या वेष्टणात कोल्ट्रेन यांनी स्वतः लिहिलेली एक प्रार्थना छापली आहे. तीत देवाचे आभार पुन्हा पुन्हा मानलेले आहेत.

ती प्रार्थना समोर ठेवून हा भाग ऐकला की सॅक्सोफोन त्या ओळी अक्षरागणिक वाचतो आहे हे कळते. शब्द संपतो तिथे सूर थांबतो, आभाराचे शब्द येतात तिथे तीच वळणे परत येतात. संगीत अभ्यासक लुईस पोर्टर यांनी शब्द आणि सूर शेजारी मांडून हे दाखवून दिले. कृष्णवर्णीय चर्चमधले उपदेशक बोलता बोलता गाऊ लागतात, त्या परंपरेशी त्यांनी याचा संबंध जोडला. उपदेशकाच्या नातवाने आजोबांचे काम वेगळ्या मार्गाने केले, असेही म्हणता येईल.

भारताशी काय नाते?

कोल्ट्रेन १९६० च्या सुमारास रवि शंकर यांच्या ध्वनिमुद्रिका लक्षपूर्वक ऐकू लागले होते. स्वरसंगती सतत बदलण्याऐवजी एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ थांबून त्याचा विस्तार करायचा, हा जॅझमधला तेव्हाचा नवा विचार होता. रागसंगीतात त्यांना त्याचे मुरलेले रूप दिसले. १९६१ मध्ये त्यांनी ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली.

दोघांची भेट झाली आणि कोल्ट्रेन यांनी भारतीय संगीताविषयी पुष्कळ विचारून घेतले. सवडीने शिकायला येण्याचेही ठरले होते, मात्र ते राहून गेले. कोल्ट्रेन यांच्या वादनातली खळबळ रवि शंकर यांना अस्वस्थ करत असे आणि त्यांनी ते पुढे मोकळेपणाने सांगितलेही. ऑगस्ट १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव कोल्ट्रेन यांनी रवि ठेवले. रवि कोल्ट्रेन हे आज स्वतः नावाजलेले सॅक्सोफोनवादक आहेत. पतीच्या निधनानंतर अ‍ॅलिस वेदान्ताकडे वळल्या, भारतात आल्या आणि पुढे कॅलिफोर्नियात त्यांनी आश्रम स्थापन केला.

अल्बमनंतर काय झाले?

१९६५ च्या सुरुवातीला अल्बम प्रसिद्ध झाला आणि कोल्ट्रेन यांच्या आधीच्या अल्बमपेक्षा कितीतरी जास्त खपला. तीच शैली चालू ठेवली असती तर आयुष्यभर पुरली असती. पण त्यांनी संपूर्ण रचना श्रोत्यांपुढे क्वचितच वाजवली. जुलै १९६५ मध्ये फ्रान्समधील आंतीब महोत्सवात आणि त्याच ऑक्टोबरमध्ये सिअ‍ॅटलमध्ये झालेले तिचे वादन ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे.

जून १९६५ मध्येच त्यांनी ११ वादकांना घेऊन ‘असेन्शन’ मुद्रित केला. त्यात ओळखीची चाल नाही, सर्व जण एकाच वेळी मुक्तपणे वाजवतात. अनेक जुने चाहते दुरावले. टायनर आणि जोन्स यांनाही हा गदारोळ मानवेना आणि काही महिन्यांत दोघे बाहेर पडले. त्यांच्या जागी पियानोवर अ‍ॅलिस आणि ड्रमवर रशीद अली आले. बदलाची किंमत या वेळी व्यसनात नव्हे, तर सोबत्यांत आणि श्रोत्यांत मोजावी लागली.

१९६६ मध्ये जपान दौऱ्यात त्यांनी नागासाकीतील अणुबॉम्ब बळींच्या स्मारकाजवळ जाऊन प्रार्थना केली. वर्षभराने, १७ जुलै १९६७ रोजी, यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४०. न्यूयॉर्कमधील अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांनी लिहिलेली तीच प्रार्थना वाचण्यात आली.

आज या अल्बमचे महत्त्व काय?

कोल्ट्रेन यांना २००७ मध्ये मरणोत्तर पुलित्झर विशेष सन्मान मिळाला. या रचनेचे हस्तलिखित वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जतन केलेले आहे. फिलाडेल्फियातील त्यांचे घर राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरले. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तर त्यांना संत मानणारे चर्च आहे आणि तेथे उपासनेत हेच संगीत वाजते.

पण देव्हाऱ्यात बसवलेल्या संतापेक्षा पत्रातला माणूस अधिक जवळचा वाटतो. आपण सावरलो, पुन्हा ढळलो, पुन्हा उभे राहिलो, हे त्याने स्वतःच्या सर्वात मोठ्या यशासोबत छापून ठेवले. व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांच्या बाबतीत घरच्यांची आणि समाजाची एक चूक नेहमी होते. पाऊल एकदा घसरले की आधीचे सगळे प्रयत्न खोटे ठरवले जातात. कोल्ट्रेन यांनी त्या घसरणीलाही गोष्टीत जागा दिली.

अल्बम ऐकायचा असेल तर मोबाइलवर चारही भाग क्रमाने लावावेत, मधे थांबू नये. गाण्यांचा क्रम आपोआप उलटसुलट करणारे ‘शफल’ आधी बंद करावे. कबुली, निश्चय, पाठलाग आणि मग आभार, हा क्रम उलटला तर गोष्टच उरत नाही.